काय पडलं?

दुपारी अडीचचा सुमार. घरात मी एकटाच. पेपर छातीवर, चष्मा कपाळावर, डोळा लागायच्या बेतात. आणि स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. आधी एक मोठा ठण्ण, मग गोल गोल फिरत टणटणटणटण, मग ती शेवटची घाई, आणि एकदम गप्प. मी डोळे न उघडताच ओरडलो, "काय पडलं?"

उत्तर द्यायला घरात कोणी नव्हतं. तशी गरजही नव्हती. दुधाच्या पातेल्यावरचं झाकण होतं ते. ताटली पडली की दोन उड्यांत आडवी होते. वाटी लोळत जाऊन ओट्याखाली दडते. चाळणी पडली की आवाजात थोडी हवा असते. एवढा वेळ गिरक्या घेत नखरे करतं ते झाकणच.

ही विद्या आजीकडून आलेली. साताऱ्याच्या घरात ती दुपारी माजघरात आडवी व्हायची आणि तिथूनच सगळ्या भांड्यांवर लक्ष ठेवायची. काही वाजलं की, "काय पडलं रे?" आमचं ठरलेलं उत्तर, "काही नाही!" (काही नाही म्हणजे पडलंय, पण फुटलेलं नाही.) त्यावर आजी पडल्या पडल्या, "काही नाही कसं? पितळी डाव पडलाय. उचल, आणि विसळून ठेव." डाव कधी चुकला नाही. आमटीचा की भाताचा, एवढंसुद्धा ती सांगायची.

आज झाकणाचा आवाज विरला तरी झोप काही परत येईना, आणि मला शुक्र आठवला. म्हणजे ग्रह.

तर शुक्रावर माणसाच्या यंत्राने जे सुरुवातीचे आवाज टिपले, त्यात एक चक्क झाकण निघाल्याचा आहे. १ मार्च १९८२ ला सोव्हिएत युनियनचं व्हेनेरा-१३ तिथे उतरलं. तापमान ४५७ अंश सेल्सिअस, हवेचा दाब आपल्या ८९ पट. अर्धा तास टिकलं तरी जिंकलं, अशा हिशेबाने बांधलेलं यान १२७ मिनिटं टिकलं. त्यावर माइक होता. वारा किती वाहतोय ते कळावं, जमल्यास विजेचा गडगडाट ऐकावा, असा विचार. वारा मिळाला, तोही मंदच. बाकी काय ऐकू आलं? कॅमेऱ्याचं झाकण उडाल्याचा आवाज आणि जमिनीत ड्रिल फिरल्याची घरघर. कोट्यवधी किलोमीटर दूर जाऊन आपण शेजाऱ्यांच्या फ्लॅटचं दुरुस्तीकाम ऐकून आलो.

पण त्या झाकणाला हसू नये. १९७८ मध्ये व्हेनेरा-११ आणि १२ दोन्ही यानं नीट उतरली होती, आणि दोघांच्याही कॅमेऱ्यांची झाकणं निघालीच नाहीत. एक फोटो आला नाही. त्याआधी १९७५ मध्ये ९ आणि १० वर दोनपैकी एकेक झाकण असंच अडकलेलं. बरणीचं झाकण निघेना म्हणून चिमट्याने ठोकणं, गरम पाण्यात धरणं, शेवटी "जरा बघा हो" म्हणून शेजाऱ्यांकडे नेणं, यातलं काहीही तिथे करता येत नाही. १९८२ मध्ये झाकण पडल्याचा आवाज ज्यांनी ऐकला असेल, त्यांना तो किती गोड लागला असेल!

पुढची गंमत चारच दिवसांनी उतरलेल्या व्हेनेरा-१४ ची. त्याला एक दांडी होती, जमिनीवर आपटून तिचा टणकपणा मोजायला. कॅमेऱ्याचं झाकण उडालं ते नेमकं त्या दांडीखाली जाऊन पडलं. दांडीने इमानेइतबारे झाकणाचा टणकपणा मोजला. आजी असती तर म्हणाली असती, "उचलून ठेव म्हटलं होतं."

मी स्वतः असाच एक प्रयोग केलेला आहे. मामाने मस्कतहून टू-इन-वन आणला होता, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकातच. मी चौथी-पाचवीत. मला तेव्हा एका गोष्टीचा ध्यास होता: घरात कोणीच नसतं तेव्हा घर काय करतं? कारण मी आत शिरलो की ते गप्प होतं, अशी माझी पक्की समजूत. मे महिन्यात सगळे जवळच्याच एका मुंजीला निघाले. मी चप्पल विसरल्याचं सोंग करून परत आलो, बाबांची कीर्तनाची कॅसेट घातली, तिच्या मागच्या खाचेत कागदाचा बोळा कोंबला (म्हणजे जुन्यावर नवं भरता येतं), लाल बटण आणि प्ले एकदम दाबलं, टू-इन-वन कॉटखाली सरकवला आणि पळालो. मुंजीत माझं लक्ष नव्हतं. जिलबीसुद्धा दोनच खाल्ल्या.

संध्याकाळी कान लावून बसलो. घूंऽऽऽ. तीस मिनिटं घूंऽऽऽ. टू-इन-वनने रिकाम्या घरात बसून स्वतःच्या मोटरचा आवाज भरून ठेवला होता. फक्त मध्येच एकदा, बरंच पुढे, एक ठक्. मी ते ठक् कितीदा ऐकलं असेन, गणती नाही. पुढे रिवाइंड करून करून टेप बाहेर आली आणि पेन्सिलने गुंडाळावी लागली, आणि बाबांना कीर्तनाचा पत्ता लागला, तो भाग सोडून देऊ. आजीने मात्र एकदाच ऐकलं आणि म्हणाली, "कैरी. मागच्या पत्र्यावर." मला ते पटलेलं नाही. अजूनही.

पुढे मंगळाचं ऐकलं तेव्हा मला त्या घूंची आठवण झाली. तिथला आवाज ऐकायची हौस जुनी. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९९६ मध्येच तिथे माइक पाठवा म्हणून आग्रह धरला. १९९९ मध्ये एक निघालाही, मार्स पोलर लँडरवर. श्रवणयंत्रात असतो तसला इवलासा, आणि सोबत बोलक्या खेळण्यांतली चिप. यान उतरताना कायमचं हरवलं. २००८ च्या फिनिक्सवरही माइक होता, त्यातून काही आलं नाही. शेवटी १८ फेब्रुवारी २०२१ ला नासाची पर्सिव्हरन्स ही गाडी दोन माइक घेऊन उतरली, आणि मंगळ इतका शांत निघाला की माइक बिघडला की काय, असं खुद्द शास्त्रज्ञांना वाटून गेलं. वारा अधूनमधून. बाकी सगळे घरचेच आवाज: खडकावर लेसर मारल्याची टकटक, सोबत नेलेल्या हेलिकॉप्टरची गुणगुण, आणि गोट्यांवरून जाणाऱ्या सहा धातूच्या चाकांचा असा खडखडाट की त्यांचाच एक इंजिनिअर म्हणाला, माझी गाडी अशी वाजली तर मी बाजूला घेऊन टो करायला गाडी बोलावीन. मी अशा आवाजाची स्कूटर नऊ वर्षं चालवली.

शनीच्या टायटन या चंद्रावर २००५ मध्ये हायगेन्स यान उतरलं, त्यानेही अडीच तास काय ऐकलं असेल? स्वतःच्याच पडण्याचा वारा.

मंगळावरची हवा विरळ, आणि जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइड. ती बारीक, उंच आवाज गिळून टाकते. कुकरची शिट्टी चार पावलांवर विरून जायची. तीन झाल्या की चार, हा वाद मिटला. शिवाय तिथे उंच सूर सेकंदाला २५० मीटर धावतो आणि खर्जातला २४०. मंडपात मागे बसलेल्याला गवई आधी आणि डग्गा नंतर ऐकू येणार. फरक पापणी लवण्याहून लहान, पण तबलजी आणि गवई याहून कमी फरकावर भांडलेले आहेत.

गाण्यावरून आठवलं. आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत अंतराळात गेली आहे, साडेतीन मिनिटांची. शेजारी मराठीत एक नमस्कारही आहे. तबकडीबरोबर वाजवायला सुईसुद्धा दिली आहे, हे मला फार आवडतं. पाहुण्याला डबा देताना चमचा ठेवावा तसं. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला निघालं. ११ दिवसांनी, १६ तारखेला, बाई गेल्या. ती भैरवी अजून चालली आहे, आणि जिथून चालली आहे तिथे हवाच नाही. म्हणजे ती कोणालाच, कुठेच, जराही ऐकू येत नाहीये.

हे असं पडल्या पडल्या बरं नाही.

माजघरातून आजी विचारायची तेव्हा आतून कोणीतरी "काही नाही" म्हणायचं, तेवढ्यावर झोप परत लागायची. इथे आत सगळं सामसूम आहे. फ्रीज तेवढा घूं करतोय. उठून बघायला हवं. झाकण आपणहून पडत नाही. खिडकीची जाळी सकाळपासून उघडीच आहे, आणि मांजर असेल तर एव्हाना दूधही संपलं असेल.