आधी नावं, मग एक्स्टेन्शन: आमची वाटचाल

नागपुरात धरमपेठेत आमचं छोटं ऑफिस आहे. आर्किटेक्टांसाठी आम्ही स्केचअप या थ्रीडी मॉडेलिंग सॉफ्टवेअरची एक्स्टेन्शन्स (त्यात बसवायची जोड-साधनं) लिहितो, पण सुरुवात केली ती शिकवण्यापासून. नव्या मुलांचा हात छान चालायचा; फाइल उघडली की मात्र भिंत, खिडकी, स्लॅब सगळं एकमेकांत गुंतलेलं. क्लायंटने खिडकी सहा इंच सरकवायला सांगितली की दुपार गेलीच.

स्केचअपमध्ये सुट्या रेषा एकमेकींना चिकटतात. म्हणून भिंत झाली की लगेच तिच्या रेषांचा वेगळा ग्रुप करायचा, आणि वस्तू पुन्हा लागणार असेल तर कम्पोनन्ट, म्हणजे जिच्या सगळ्या प्रती एकमेकींशी जोडलेल्या राहतात. मग एका खिडकीची चौकट बदलली की साऱ्या इमारतीतल्या बदलतात. टॅग, म्हणजे वर्गवारीची खूण, द्यायचा तो ग्रुपला किंवा कम्पोनन्टला. आतल्या रेषा अनटॅग्डच ठेवायच्या. रोज संध्याकाळी फाइल बंद करण्याआधी 'पर्ज अनयूज्ड', म्हणजे न वापरलेलं सगळं फाइलमधून काढून टाकायचं. थ्रीडी वेअरहाऊस या तयार मॉडेल्सच्या ऑनलाइन साठ्यातून आणून मग काढून टाकलेले सोफेसुद्धा फाइलमध्ये वजन धरून बसलेले असतात!

आमचं पहिलं एक्स्टेन्शन दारं-खिडक्यांच्या शेड्यूलचं (यादीचं). रूबी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला छोटा कोड कम्पोनन्टची नावं वाचतो, मोजतो आणि तक्ता देतो. नाव 'खिडकी-१' असं नेमकं असेल तर क्षणात. आपोआप पडलेलं 'कम्पोनन्ट#४७' असेल तर तक्ता निघतो, पण कुणाच्या उपयोगाचा नसतो. म्हणून कुठल्याही नव्या आर्किटेक्टच्या ऑफिसात आम्ही आधी नावांची यादी ठरवून घेतो, एक्स्टेन्शन नंतर बसवतो. घाई असते सगळ्यांना, तरी यावर आम्ही अडून बसतो.

मला सगळ्यात जवळचं आहे ते उन्हाचं एक्स्टेन्शन. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागतो त्या सुमारास भर दुपारी सूर्य नागपूरच्या जवळजवळ माथ्यावर असतो, तेव्हा छज्जा पुरतो. चारनंतर पश्चिमेचं तिरपं ऊन छज्ज्याखालून थेट खोलीत शिरतं. तिथे उभे लूव्हरच (ऊन अडवणाऱ्या पट्ट्या) हवेत. मॉडेलला नागपूरचं जिओ-लोकेशन दिलं की आमचं बटण १२, ४ आणि ५ वाजताच्या सावल्यांचे सीन (जतन केलेली दृश्यं) तयार करतं. ते पाहून क्लायंट स्वतःच लूव्हर मागतात.

सध्या कार्पेट एरियाचं, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळाचं, काम चालू आहे. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यात आतल्या पार्टिशन भिंती कार्पेटमध्ये धरतात, बाहेरच्या भिंती नाही. त्यामुळे दोन्हींना वेगळे टॅग असल्याशिवाय कोड पुढे सरकतच नाही, असं आम्ही मुद्दाम ठेवलं आहे.