४१०वं नाव

स्क्रिप्टमधून दुसऱ्या कमांड चालवायची आमची एक लायब्ररी आहे. तिच्याबद्दलची तक्रार चारच ओळींची होती. ६०० सर्व्हरची यादी पाइपने (एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्यात सोडणाऱ्या नळीने) स्क्रिप्टला द्यायची, स्क्रिप्टने एकेक नाव वाचून त्या मशीनवर एसएसएच या प्रोग्रामने दुरूनच एक कमांड चालवायची. ४०९ मशीन्स झाली, ४१०व्या नावाचं शेपूट गायब, पुढे सगळं शांत. एग्झिट कोड शून्य. म्हणजे ‘सगळं ठीक’. टीममधल्या एकाने ‘नेटवर्क असेल’ म्हणत तिकीट बंदही केलं होतं. नेटवर्क नावं मधोमध कापतं होय?

प्रत्येक ओळ २० बाइट्सची. ४०९ ओळींचे ८१८०, तुटक्या नावाचे १२. झाले ८१९२, बरोब्बर आमच्या लायब्ररीच्या रीड बफरएवढे, म्हणजे ती एका दमात वाचून ठेवते तेवढे! म्हणजे पहिल्याच वाचनात आमच्या प्रोसेसने तेवढे उचलले, बाकीचे पाइपमध्येच राहिले. मग पहिल्या एसएसएचला आमचं स्टँडर्ड इनपुट (प्रोग्राम जिथून वाचतो ती वाट, इथे तोच पाइप) वारशाने मिळालं आणि त्याने ते उरलंसुरलं सगळं गिळून पलीकडे पाठवलं. पलीकडची कमांड ते वाचते की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. यादी छोटी होती तोवर अख्खी बफरात मावायची, म्हणून कधी कुणाला कळलंच नाही. आमच्या टेस्टही हिरव्यागार, कारण आमच्या सीआयमध्ये (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) स्टँडर्ड इनपुट मुळात डेव्ह-नलच, म्हणजे वाचायला गेलं तर कायम रिकामी असलेली फाइल.

माझी पहिली दुरुस्ती सांगायला लाज वाटते. चाइल्डमध्ये, म्हणजे आम्ही सुरू केलेल्या प्रोसेसमध्ये, डिस्क्रिप्टर ० (स्टँडर्ड इनपुटचा नंबर) सरळ बंद केला. युनिक्स नव्या फाइलला सगळ्यात लहान मोकळा नंबर देतं, त्यामुळे एका टूलची स्वतःची लॉग फाइलच त्याचं इनपुट होऊन बसली.

मग डेव्ह-नल जोडलं, पण सरसकट नाही. एडिटर उघडणाऱ्याला कीबोर्ड लागतोच. आउटपुट पकडून देणाऱ्या फंक्शनला नल, नुसती कमांड चालवणाऱ्याला वारसा. रस्ट भाषेत साधारण अशीच वाटणी आहे. गो काही न सांगितल्यास नल देतं, पायथन वारसा चालू ठेवतं. ‘डॉक्युमेंटेशनमध्ये एक ओळ टाकू’ म्हणणाऱ्याला मी विचारलं, ती ओळ तू तरी वाचली असतीस का?

रिलीजनंतर दुसरी तक्रार आली. एकाची स्क्रिप्ट पाइपमधला डेटा मुद्दाम तसाच सॉर्ट या ओळी क्रमाने लावणाऱ्या कमांडकडे जाऊ द्यायची आणि आउटपुट पकडायची. आता निकाल रिकामा. एग्झिट कोड शून्य.

दुरुस्ती मी मागे घेणार नाही. पण त्याला लिहायच्या उत्तराचा मसुदा तीन दिवस उघडाच पडलाय.