एकरी किती पडतंय?

रविवार, रात्री

‘बायरॅक’ या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या ‘बिग’ अनुदानाचा (ते नव्या कल्पनांसाठी असतं) अर्ज अर्धा लिहून झाला. १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मिळू शकतात. माझी कल्पना म्हणजे मक्यावरच्या अळीला आवरणारा कामगंध (मादीचा नराला बोलावणारा वास) स्वस्तात बनवायला मदत करणारं एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. एन्झाइमचा भाग भरभर लिहिला. त्याच्या जनुकात बदल करायचे, हजारो नमुने चाळायचे, सरस निघेल ते पुढच्या फेरीला. फ्रान्सेस अरनॉल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच वाटेसाठी. अडले ‘ग्राहक कोण?’ इथे.

अमेरिकन लष्करी अळी भारतात पहिल्यांदा सापडली तीही २०१८ मध्येच, आपल्या कर्नाटकात, शिवमोग्ग्याच्या मक्यात. अळी पोंग्यात, म्हणजे कोवळ्या पानांच्या गाभ्यात, शिरली की फवारा तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून मादीचा कामगंध रानभर दरवळत ठेवायचा, म्हणजे नराला मादी सापडत नाही आणि अंडीच पडत नाहीत. माझं एन्झाइम या कामगंधाचा रेणू बनवण्याच्या शेवटच्या पायरीवर लागतं, अल्कोहोलचं अ‍ॅसिटेट करायला.

आज मी निपाणीला घरी आलेय. अण्णांना हे सगळं सांगितलं. कामगंध सापळे त्यांच्या माहितीतले, त्यामुळे लगेच कळलं. म्हणाले, "एकरी किती पडतंय?"

खरं दुखणं तेच आहे. हे तंत्र जुनं, पण रेणू महाग म्हणून मुख्यतः सफरचंद-द्राक्षांच्या बागांत राहिलं. मक्याला तो खर्च झेपत नाही. अरनॉल्ड यांनी आपल्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या दोघांसोबत प्रोविवी ही कंपनी काढली, तिनंही स्वस्त कामगंध धान्यपिकांपर्यंत नेण्याचं काम हाती घेतलं. तेव्हा माझी कसोटीही बदलायला हवी. एन्झाइम किती तापमान सोसतं यापेक्षा एका ग्रॅममागे खर्च किती उतरतो, हे आधी मोजायचं.

अण्णांचा दुसरा प्रश्न जास्त खोल होता. "एकट्यानं लावून काय हुतंय? शेजारच्या रानातलं पाखरू आमच्यात येणारच की."

अगदी बरोबर. बाहेर मीलन झालेली मादी उडत येऊन अंडी घालतेच, त्यामुळे दोन एकरांच्या तुकड्यात याचा फारसा उपयोग नाही. अख्ख्या शिवारानं एकदम लावायला हवं. मग माझा ग्राहक एकटा शेतकरी कसा असेल? गावची पीकेपीएस, म्हणजे शेतीकर्ज देणारी सहकारी सोसायटी असेल, जिथून सगळे खत उचलतात. पेरणीआधी, खतासोबतच हेही उचललं गेलं पाहिजे.

उद्या बेळगावला परतण्याआधी सेक्रेटरीकाकांना भेटते. गावात मका किती एकर आणि अळीच्या औषधावर एकरी किती जातात, एवढं आधी विचारायचं.