हात रिकामो खंय आसा?

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, फासे टाकून, प्रत्येकाने एक पात्र, म्हणजे कॅरॅक्टर, चालवायचा गोष्टीचा खेळ) खेळतो ते या ६१ दिवसांतच, कारण टेबलावरच्या पाचजणांत दोघे बोटीवर जाणारे. बाकी वर्षभर ते दर्यात, नाहीतर जाळी विणत. म्हणजे हाताशी शनिवार जेमतेम आठ-नऊ. त्यातले तीन माझ्या कॅरॅक्टरच्या एका हाताने खाल्ले. रिकामा नसलेल्या हाताने.

माझं मालवणात सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, सातबारा, दिवसभर हेच. लोकांचे अर्ज परत आले की मी शांतपणे सांगते, "काका, एक कागद राहिलाय, उद्या या." माझी स्वतःची कॅरॅक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेला कागद, दोनदा परत आली तेव्हा ती शांतता कुठे गेली कुणास ठाऊक. परत पाठवणारा आमचा डीएम (खेळ चालवणारा, नियमांचा निकाल देणारा), म्हणजे माझा आतेभाऊ. आम्ही त्याला दादा म्हणतो. त्या तीन आठवड्यांत आणखीही काही म्हटलं, ते लिहीत नाही.

मला हवं होतं ते दशावतारातून आलेलं. लहानपणी जत्रेला पहाटेपर्यंत जागून बघितलेला राजा: उजव्या हातात तलवार, डावा हात वर, मृदंग तापलेला, आणि तोंडाने मंत्र चालू. मारामारी आणि मंत्र एकाच अंगात. असल्या कॅरॅक्टरला खेळणारे लोक 'गिश' म्हणतात. हा शब्द १९८१ सालच्या 'फीन्ड फोलिओ' या राक्षसांच्या पुस्तकातून आला. त्यात गिथयांकी नावाची जमात आहे आणि त्यांच्यातल्या लढवय्या-जादूगारांना गिश म्हटलंय. कल्पना त्याहून जुनी. १९७४ च्या पहिल्या खेळातसुद्धा एल्फ या जमातीला लढवय्या आणि जादूगार अशा दोन्ही वाटा मोकळ्या होत्या.

माझी बाई, म्हणजे माझं कॅरॅक्टर, तांडेलाची लेक. कागदावर हाय एल्फ, टोकदार कान पदराखाली. हातात कोयता. कोयता पुस्तकात नाही, म्हणून आकडे सिमिटार या वाकड्या तलवारीचे घेतले आणि रूप कोयत्याचं. हे दादाने लगेच मान्य केलं. अशा गोष्टी तो पटकन मान्य करतो, म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, निवडताना फार डोकं घालवू नका. ब्लेडसिंगर मूळचा विझर्ड (जादूगार), त्याला ढाल घेऊन ब्लेडसाँग ही त्याची खास करामत वापरता येत नाही. हेक्सब्लेड हा दुसरा प्रकार, तो करिष्मा या गुणावर चालतो. फायटर (लढवय्या) आणि विझर्ड दोन्ही मिसळायचे असतील तर पहिली लेव्हल फायटरची घ्या, नंतर घेतलात तर जड चिलखत मिळत नाही. आमच्या टेबलावर नियमांचं २०१४ चं मूळ पुस्तक सोडून काही चालत नाही, त्यामुळे माझ्यापुढे एकच सरळ वाट होती: फायटर, आणि तिसऱ्या लेव्हलला एल्ड्रिच नाइट, म्हणजे थोडी जादू येणारा फायटर. आम्ही खेळ तिसऱ्या लेव्हलपासूनच सुरू करतो. तुम्हीही करा. नाहीतर दोन लेव्हल तुमची जादूगार बाई नुसतीच कोयता फिरवत बसेल.

२७ पॉइंट सहा गुणांत वाटले: स्ट्रेंथ ८, डेक्स्टेरिटी (चपळाई) १५, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४, इंटेलिजन्स १४, विझ्डम १२, करिष्मा ८. एल्फचे मिळून डेक्स्टेरिटी १७ झाली. स्टडेड लेदर चिलखताचे १२, १७ डेक्स्टेरिटीचे ३, ढालीचे २, एकूण एसी (वार बसायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) १७. वर शील्ड नावाचा पहिल्या लेव्हलचा मंत्र: कुणाचा वार बसतोय असं दिसलं की रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत देता येणारं उत्तर) म्हणून तो टाकायचा, आणि पुढच्या आपल्या पाळीपर्यंत एसी ५ ने वर. १७ चे २२. मी खूश.

पहिला शनिवार. दादाने सिंधुदुर्ग किल्ल्यावरून बेतलेला नकाशा टेबलावर पसरला. दरवाजा जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तेही तसंच ठेवलेलं. बाहेर पाऊस, दिवे गेलेले, मोबाइलच्या टॉर्चवर खेळ. पहिला राक्षस माझ्यावर आला, वार बसला, मी म्हटलं, "शील्ड टाकते."

दादा मान वर न करता म्हणाला, "तुझो हात रिकामो खंय आसा?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग त्याने समजावलं. मंत्राला तीन प्रकारचे घटक असतात: तोंडाने उच्चार, हाताने खुणा, आणि साहित्य. खुणांना एक हात मोकळा लागतो. माझ्या एका हातात कोयता, दुसऱ्यात ढाल. थोडक्यात, हातात ढाल आहे म्हणून ढालीचा मंत्र म्हणता येत नाही.

वार बसला. शीट परत.

घरी येऊन नियम वाचले, तेव्हा खरी तिडीक गेली. मंत्राला साहित्य लागत असेल, तर ज्या हातात ते साहित्य आहे त्याच हाताने खुणा केलेल्या चालतात. फायरबॉलला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागतो. ते मुठीत धरून हात हलवला की मंजूर. शील्डला साहित्यच लागत नाही, नुसता उच्चार आणि खुणा, म्हणून त्याला पूर्ण रिकामाच हात हवा. जास्त कागद जोडलेला अर्ज मंजूर आणि कमी कागद लागणारा नामंजूर, असं मी माझ्या टेबलावर अजून पाहिलेलं नाही, आणि मी बरंच पाहिलंय.

दुसऱ्या शनिवारी मी वाद घालायला गेले. म्हटलं, दशावतारातला राजा तलवारीनेच खुणा करतो की. दादा म्हणाला, "तो नट आसा, तू फायटर." मग म्हटलं, कोयता म्यान करते. तर म्हणे, एका पाळीत एकच वस्तू फुकट काढता किंवा ठेवता येते. काढलास तर वार कर. परत ठेवायचा तर पाळीतली मुख्य कृती, म्हणजे अख्खी अ‍ॅक्शन जाईल. आणि शील्ड पडतो दुसऱ्याच्या पाळीत, तेव्हा तर काहीच काढता-ठेवता येत नाही. मग म्हटलं, वॉर कास्टर हे फीट (खास कौशल्य) दे. त्यात दोन्ही हात भरलेले असले तरी खुणा करता येतात. ते मिळणार चौथ्या लेव्हलला. पहिल्या लेव्हललाच फीट देणारा व्हेरिअंट ह्यूमन हा माणसाचा प्रकार आमच्या टेबलावर बंद, शिवाय मी एल्फ. अर्ज पुन्हा परत. त्या दिवशी मी ढाल टाकून १५ एसीवर खेळले आणि दोनदा आडवी झाले. बोटीवरचा मित्र माझ्याकडे बघून नुसतं हसायचा.

तिसऱ्या शनिवारी मी गेलेच नाही. कारण सर्दी सांगितलं.

वाट सापडली ती रविवारी, माडाखाली. उघडीप मिळाली म्हणून नारळ काढायला काका आले होते. कमरेला आकडी, आकडीत मागे अडकवलेला कोयता. वर चढताना दोन्ही हात मोकळे. शेंड्याला पोचल्यावर एक हात मागे गेला आणि न बघता कोयता हातात आला. दोन फटके, पेंड सुटली, आणि काकांनी ती नुसती सोडून दिली. ठेवली नाही, टाकलीही नाही. सोडली. मी खाली उभी राहून तो कोयता परत आकडीत जाताना बघत होते आणि मनात म्हणत होते, यांना अ‍ॅक्शन लागत नाही बघा.

मग डोक्यात आलं की माझ्या बाईला कोयता परत ठेवायची गरजच काय? एल्ड्रिच नाइटला तिसऱ्या लेव्हललाच वेपन बाँड मिळतो. तासभराचा विधी करून शस्त्र स्वतःशी बांधून घ्यायचं. मग ते त्याच जगात कुठेही असलं तरी बोनस अ‍ॅक्शन (पाळीतली जादा छोटी कृती) खर्चून हातात बोलावता येतं. शीटवर मीच लिहिलं होतं ते, "शस्त्र कुणी हिसकावू शकत नाही" एवढं वाचून पुढे गेले होते. हातातली वस्तू नुसती सोडायला बहुतेक टेबलांवर काही खर्च धरत नाहीत. तर: वार करायचा, पाळी संपताना कोयता सोडायचा, हात मोकळा. कुणी मारलं की शील्ड. पुढच्या पाळीत कोयता बोलवायचा.

दादाला तिथूनच, माडाखालून, मेसेज टाकला. दोन निळ्या टिका आल्या आणि दोन तास काही नाही. मग उत्तर: "बघूक व्हया." रात्री दहाला: "चालात. पण हातात कोयतो नसताना कोण तुझ्या बाजूसून पळालो तर तुका कोयत्यान मारूक गावचा नाय." हे बरोबरच होतं (निसटणाऱ्यावर एक फुकट वार मिळतो, तो कोयत्याशिवाय काय कामाचा), म्हणून गप्प बसले.

चौथ्या शनिवारी किल्ल्याच्या तटावर लढाई. मी वार केला, कोयता सोडला, आणि दादाने शांतपणे सांगितलं की तो तटावरून घरंगळत समुद्रात गेला. राक्षसाचे १९ आले, माझे शील्डसह २२, वार फुकट. पुढच्या पाळीत मी कोयता बोलावला, आला. बोटीवरचा मित्र ओरडला, "दर्यात पडलेला कधी परत गावता?" मला त्या क्षणी जे वाटलं ते दाखला हातात पडल्यावर लोकांच्या तोंडावर दिसतं तेच असावं.

चौथ्या लेव्हलला मी वॉर कास्टर घेतलं. डेक्स्टेरिटी वाढवता आली असती, पण नाही घेतली. वार बसल्यावर चालू मंत्रावरची एकाग्रता टिकते का, याचा फासा वॉर कास्टरमुळे दोनदा टाकून चांगला आकडा घेता येतो. त्यासाठी १० किंवा झालेल्या नुकसानीच्या निम्मे, यातलं जे मोठं ते गाठावं लागतं. २४ लागले तर १२. फायटरला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह (बचावाचा फासा) मुळातच चांगला, फायटरपासून सुरुवात करायचं हेही एक कारण.

तुम्ही २०२४ ची नवी आवृत्ती खेळत असाल तर माझं रडगाणं तुम्हाला फारसं लागू नाही. त्यात प्रत्येक वारासोबत एक शस्त्र काढता किंवा ठेवता येतं, आणि वॉर कास्टरसोबत एक गुणही वाढतो. दादाला हे मी सांगितलं. तो म्हणाला, नवीन पुस्तक पुढच्या बंदीत.

आणि हो, इंटेलिजन्सला १४ देऊन मी पॉइंट वाया घालवले. तिसऱ्या लेव्हलला पहिल्या लेव्हलचे तीनच मंत्र मिळतात, त्यातले दोन संरक्षणाच्या किंवा स्फोटाच्या शाखेतले हवेत. मी घेतले शील्ड, मॅजिक मिसाइल आणि फाइंड फॅमिलिअर. तिन्हींना इंटेलिजन्स लागत नाही: मिसाइल चुकतच नाही, आणि फॅमिलिअर (जादूने सोबतीला येणारा प्राणी) बोलवायला कोळसा, धूप आणि वनस्पती मिळून १० सोन्याच्या नाण्यांचा माल जाळावा लागतो, बास. फॅमिलिअर म्हणून खेकडा घेता येतो. माझी कुर्ली तटावर राक्षसाच्या पायात घुटमळते आणि त्यामुळे मला एका वाराला दोन फासे मिळतात. स्लॉट (मंत्र टाकायच्या संधी) मात्र तिसऱ्या लेव्हलला दोनच. पहिल्याच खोलीत उडवू नका.