लंच ड्युटीला रांग, बोर्ड मीटिंगला शुकशुकाट

मुलीला चार्टर स्कूलमध्ये घातल्यापासून इथल्या बे एरियातल्या मैत्रिणींचा एकच प्रश्न, काय गं, तिथे पालकांना खूप राबवून घेतात म्हणे? थोडंफार खरं आहे. शाळा सरकारी पैशावर चालते, फी नाही, अर्ज जास्त आले की लॉटरी, पण शाळेचा कारभार बघणारं बोर्ड स्वतंत्र आणि हाताखाली माणसं कमी, मग पालकांवर भिस्त.

पूर्वी कॅलिफोर्नियात बऱ्याच चार्टर शाळा सरळ लिहून घ्यायच्या की वर्षाला इतके तास काम करू. म्हणजे आई दोन नोकऱ्या करत असेल तर तिने काय करायचं? शेवटी २०१७ मध्ये कायदाच झाला, पालकांनी काम करणं ही ॲडमिशनची किंवा शाळेत टिकायची अट नाही हे शाळेने पालकांना सांगायलाच हवं. आता आमच्या फॉर्मवर ते बारीक अक्षरात असतं आणि त्याच्याच खाली ठळक अक्षरात साइनअप शीट 😄

मी लंच ड्युटी घेते. पिवळं जॅकेट घालून उभं राहायचं आणि केजीची पोरं थर्मास, चीजचं पाकीट, ज्यूसचा स्ट्रॉ असं एकेक पुढे करत राहतात, ओपन प्लीज ओपन प्लीज, अर्धा वेळ त्यातच जातो, बाकीचा सांडलेलं पुसण्यात. मजा येते, खोटं कशाला बोलू. पण हे ज्यांना दुपारी सुटता येतं त्यांचंच काम, त्यामुळे तेच चार चेहरे, आणि मग शाळेलाही वाटतं की पालक म्हणजे हेच चौघं.

खरी मेख बोर्ड मीटिंगमध्ये आहे. २०१९ च्या कायद्याने चार्टर शाळांच्या बोर्डालाही ब्राउन ॲक्ट लागू झाला, म्हणजे नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी लावायचा, मीटिंग खुली, कोणीही बोलू शकतं. पैसा कुठे जाणार तो एलसीएपी नावाचा प्लॅनही पालकांना विचारून करायचा असतो. (आपल्याकडे आरटीईनुसार शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असतात, इथे बोर्डावर पालक किती ते ज्या त्या शाळेवर.) एवढं असून येतं कोण? मागच्या वेळी लायब्ररीतल्या मदतनीस बाईंचे तास कमी करायचा विषय होता आणि पालक म्हणून मी आणि अजून एक बाबा. मी उठून बोलले, आवाज कापत होता, त्यांनी विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला.

ती संध्याकाळी आहे आणि झूमवरूनही ऐकता येते. आपल्या ग्रुपातल्या ज्यांची मुलं तिथे आहेत त्यांनी या बाई, नंतर चहा माझ्याकडे.