तठला देव बी सुट्टीवर जास का?

मागच्या रविवारी अमळनेरहून आजीचा फोन आला, नेहमीसारखं आधी जेवन व्हयनं का, मग पोरगी कशी शे, आणि मग मी सांगत होते की अगं इथे सध्या उन्हाळा आहे ना तर चर्चमध्ये माणसंच नसतात, सगळे सुट्टीवर गेलेत, पाळकबाई पण तीन आठवडे नाहीयेत. आजी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणे, "मंग तठला देव बी सुट्टीवर जास का? दिवा कोन लावस त्याले?" म्हणजे आमच्या अहिराणीत, तिथला देव पण सुट्टीवर जातो का, त्याला दिवा कोण लावतं?

तिने हे अगदी मनापासून विचारलं होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर तेच शोधायचं काम माझं आहे.

जे पहिल्यांदा वाचतायत त्यांच्यासाठी थोडक्यात, मी आधी जळगावला एका दैनिकात धर्माचं पान बघायचे, यात्रा, पालख्या, उरूस, नाताळ सगळं. आता मिनेसोटात सेंट पॉलजवळ राहते आणि इथल्या एका छोट्या साप्ताहिकासाठी चर्चच्या बातम्या लिहिते. जून लागला आणि संपादक म्हणाले, उन्हाळ्यात चर्च रिकामी का होतात यावर लिही, चार-पाच ठिकाणी जाऊन माणसं मोज.

कारण तसं सोपं आहे. इथे थंडी सहा महिने हटत नाही, तळी गोठून त्यावर गाड्या चालतात, आणि मग मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे झाला की लोक जे सुटतात ते सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, लेबर डेपर्यंत. या राज्याला दहा हजार तळ्यांचा प्रदेश म्हणतात, बऱ्याच घरांचं उत्तरेकडे एखाद्या तळ्याकाठी लाकडी केबिन असतं, स्वतःचं नाहीतर मामाचं, आणि शुक्रवारी दुपारपासून हायवेवर बोटी ओढणाऱ्या गाड्यांची रांग लागते. मग रविवारच्या दोन उपासनांची एकच होते, गायकमंडळाला सुट्टी, मुलांची संडे स्कूल बंद, काही चर्च तर उपासनाच बुधवारी संध्याकाळी ठेवतात म्हणजे शनिवार-रविवार मोकळा. दानपेटीत कमी पडतं पण विजेचं बिल थोडंच कमी येतं. वेदीवर हिरवं कापड असतं, पेंटेकॉस्ट म्हणजे ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवसाचा सण, त्याच्या नंतरचा काळ आहे ना, जवळजवळ नाताळच्या तयारीपर्यंत हाच रंग, सण नसलेले साधे रविवार.

मला हे सगळं पहिल्या वर्षी फार खटकलं होतं. आपल्याकडे उन्हाळा म्हणजे देवाधर्माने घराबाहेर पडायचे दिवस! वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा, बोरी नदीचं पात्र कोरडंठाक आणि त्या वाळूत पाळणे, रसवंत्या, भांड्यांची दुकानं, एकादशीला रथ आणि पुनवेला पालखी, खाली पाय भाजतायत आणि माणूस मागे हटत नाही. आषाढीच्या महिनाभर आधी मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघते, पंढरपूरला सगळ्यात लांबून येणाऱ्या पालख्यांपैकी ती एक, बाया डोक्यावर तुळस घेऊन त्या उन्हातून चालतात. आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया! सासुरवाशिणी माहेरी आल्या की झोके, गौराई, गाणी, सांजोऱ्या, खानदेशात उन्हाळ्याचा प्रवास म्हणजे मुळात माहेरचाच प्रवास.

पण मग मला नवापूर आठवलं. दैनिकात असताना एका मे महिन्यात नंदुरबार जिल्ह्यात त्या बाजूला गेले होते, आदिवासी मंडळींच्या उन्हाळी शिबिराची बातमी करायला. सागाच्या फांद्यांचा मांडव, खाली ताडपत्री, चारशेक माणसं असतील, ढोलकी आणि पेटीवर आधी रेव्हरंड टिळकांचं भजन झालं, मराठी चर्चमध्ये ना. वा. टिळकांशिवाय पान हलत नाही, आणि मग मावची भाषेतली गाणी सुरू झाली तसा सगळा मांडव उभा राहिला. मी पाळकसाहेबांना म्हटलं की एवढ्या उन्हात एवढी गर्दी! तर ते म्हणाले ताई, आत्ताच तर माणसं गावात आहेत. दिवाळीनंतर गावंच्या गावं गुजरातेत ऊसतोडीला जातात, लेकराबाळांसकट, मागे म्हातारीकोतारी राहतात, आणि टोळ्या परत आल्या की मग लग्नं, बाप्तिस्मे, शिबिरं सगळं या दोन महिन्यात. थंडीत या, ते म्हणाले, मग दाखवतो रिकामं चर्च.

थंडीत मी गेले नाही. गर्दी नव्हती ना, मग बातमी कसली, असंच तेव्हा वाटायचं. दहा वेळा तरी मी "भाविकांची मांदियाळी", "अलोट गर्दी" असली हेडिंगं दिली असतील आणि मागे राहिलेल्या त्या म्हाताऱ्यांवर एक ओळ लिहिली नाही, हे मला आता लागतं.

तर इथे. आम्ही जुलैत चिसागो काउंटीत फिरायला गेलो होतो, एका तासाच्या आत पोचतो आपण, सगळी स्वीडनहून आलेल्या शेतकऱ्यांची वस्ती. लिंडस्ट्रॉम गावात पाण्याची जुनी टाकी आहे ती चक्क कॉफीच्या किटलीच्या आकाराची, पोरगी गाडीतून उतरायलाच तयार नव्हती, मग तिथेच फोटो. शेजारच्या सेंटर सिटीतली लुथरन, म्हणजे प्रॉटेस्टंटांमधल्या एका पंथाची, मंडळी १८५४ पासूनची. त्याच पट्ट्यात आडबाजूला, मक्याच्या शेतात, एक छोटं पांढरं लाकडी चर्च आहे तिथे मी माणसं मोजायला रविवारी थांबले. तेवीस भरली, आमच्या तिघांसकट.

उपासना झाल्यावर सगळे तळघरात कॉफीला. तिथे ऐंशीच्या घरातली एक बाई एकटीच मोठ्या इनॅमलच्या पातेल्यापाशी उभी होती. तिने कॉफीच्या भुकटीत एक अख्खं अंडं फोडलं, टरफलासकट चुरून ओला गोळा केला आणि उकळत्या पाण्यात सोडला. मी बघतच राहिले. तीनेक मिनिटं उकळलं, वर काळा फेसाळ थर आला, मग तिने वरून गार पाण्याचा तांब्याभर शिडकावा केला आणि तो थर हळूहळू तळाशी बसला, वर कॉफी अगदी नितळ, चहाच्या रंगाची. अंडं सगळा गाळ धरून ठेवतं, कडवटपणा जातो. आपण गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो ना, तसं.

मी तिला विचारलं, उन्हाळ्यात चर्च कोण उघडतं? ती म्हणाली मी, कधी माझी बहीण. साडेसातला येऊन खिडक्या उघडते, पुस्तकं लावते, कोणी आजारी असेल तर त्याच्यासाठी डबा बाजूला काढते, आणि कोण आलं नाही ते वहीत लिहून ठेवते. मी मोजत होते आलेली माणसं आणि ही बाई लिहून ठेवत होती न आलेली. सोमवारी त्यांना फोन करायला. केबिनवर आहेत म्हटलं की पुढे नाव खोडायचं, घरीच आहेत पण येववत नाही म्हटलं की गाडी काढायची.

तिथेच भिंतीवर जगाचा एक जुना नकाशा होता, मिशनचा, पिवळा पडलेला, गावापासून लाल लोकरीचे धागे निघून टाचण्यांपर्यंत गेलेले. चीन, जपान, आफ्रिका, आणि एक धागा मुंबईच्या जरा वर. जवळ जाऊन वाचलं तर नंदुरबार. स्पेलिंग चुकीचं होतं पण नंदुरबारच. माझ्या अंगावर काटा आला, त्या तळघरात बारा हजार किलोमीटर लांब आपल्या गावाचं नाव! मला माहीत होतं तसं, फ्रेडरिक फ्रान्सन नावाच्या स्वीडिश माणसाने १८९० मध्ये अमेरिकेत मिशन काढलं आणि त्यातून माणसं कुठे कुठे गेली, आपल्या पश्चिम खानदेशात स्वीडनकडचे मिशनरी आले, नंदुरबारची एस. ए. मिशन शाळा तर सगळ्यांना माहीत आहे. पण पुस्तकातलं वेगळं आणि टाचणी वेगळी. त्या बाईला म्हटलं मी इथली आहे, या टाचणीच्या जवळची. तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. लहानपणी ती आणि तिची बहीण त्या गावासाठी नाणी साठवायच्या म्हणे, ते कुठे आहे हे माहीत नसताना.

संपादकांना मी स्टोरी दिली ती तिच्या वहीची. आकडे पण दिले, शेवटी. सप्टेंबरच्या आधी अजून एक करायची आहे, इथली राज्य जत्रा बारा दिवस चालते आणि तिथे चर्चची जेवणघरं असतात, हॅमलिन चर्चचं १८९७ पासूनचं, सेलम लुथरनवाले तर हीच अंड्याची कॉफी विकतात, सगळं काम मंडळीतली माणसं फुकट करतात. अमळनेरच्या यात्रेत पाण्याची टाकी घेऊन उभे राहणारे लोक असतात ना, डिट्टो.

नकाशाचा फोटो मी नवापूरच्या त्या पाळकसाहेबांना व्हॉट्सॲपवर पाठवला, नंबर अजून होता. दोन दिवसांनी उत्तर आलं. "सलाम ताई. आनंद झाला. इथे भाताची लावणी चालू आहे, सगळे चिखलात, या रविवारी आम्ही नऊच जण होतो. तिथल्या बहिणींना नवापूरचा सलाम सांगा."

परवा मुद्दाम गाडी काढून गेले आणि त्या बाईला ते वाचून दाखवलं, इंग्रजी करून. तिने वही उघडली, नऊ आकडा आजच्या तारखेखाली लिहिला आणि मला विचारलं, पाऊस किती झालाय तिकडे? शेतकऱ्याची लेक ती. मला सांगता आलं नाही, तर म्हणाली विचार ना त्यांना, मी थांबते. मग आम्ही दोघी तळघरात कॉफी घेऊन बसलो, तिकडे मध्यरात्र होती, तरी मी मेसेज टाकून ठेवला.