गणपतीच्या पोटात अंगठा

आमच्या कारखान्यात आजोबांच्या हातची एक मूळ मूर्ती आहे. लोडाला टेकून बसलेली, १२ इंची, प्लास्टरची. तिच्यावरून इतके साचे निघाले की सोंडेच्या वळ्या पुसट झाल्या आणि डाव्या कानाचा टवका गेला. गिऱ्हाइकं मात्र अजून तीच मागतात, आणि हल्ली १४ इंचांत मागतात. पूर्वी आप्पा समोर ठेवून हाताने मोठी करायचे. आता त्यांची नजर मोतीबिंदूनंतर पहिल्यासारखी राहिलेली नाही.

पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅबलॅब आहे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा. एका मित्राबरोबर तिथे गेलो होतो तेव्हा थ्रीडी प्रिंटर पहिल्यांदा चालताना पाहिला. पुढे पुण्यात पंधरा दिवसांचा कोर्स केला, एक जुना प्रिंटर विकत घेतला, आणि पेणला येऊन जाहीर केलं, की आजोबांची मूर्ती मी मोठी करतो.

सुरुवातच भांडणाने झाली. मूर्तीचे चहूबाजूंनी फोटो काढले की सॉफ्टवेअर एका फोटोतले बारके ठिपके दुसऱ्या फोटोत शोधतं आणि त्यावरून आकार उभा करतं. पांढऱ्याशुभ्र प्लास्टरवर त्याला धरायला काही सापडतच नाही. पहिल्या खेपेला गणपतीऐवजी वितळलेलं आइस्क्रीम मिळालं. मग दातांच्या ब्रशने मूर्तीवर गेरूचे शिंतोडे उडवले. आप्पा तेवढ्यात आत आले. ते काय बोलले ते इथे लिहीत नाही. शिंतोडे ओल्या फडक्याने निघाले; सोंडेखाली एक राहिला, तो अजून आहे.

पुढचं सरळ होतं. ढगाळ दुपारी १६० फोटो, शेजारी मापाला स्टीलची पट्टी, कानामागे आणि सोंडेखाली पडलेली भोकं ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बुजवली. हात पेणच्या रिवाजाप्रमाणे सुटे ठेवले. आकसण्याचा हिशोब मात्र नीट केला. ओल्या शाडूच्या वडीवर १० सेंटिमीटरची रेघ मारली, वडी सुकल्यावर ती ९.४ भरली. म्हणजे १४ ला ०.९४ ने भागायचं, ६ टक्के वाढवायचे नाहीत. शाडूत हा फरक अर्ध्या सुताचाही पडत नाही (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग); पण भट्टीत १२ टक्के आकसणाऱ्या स्टोनवेअरच्या मातीत याच उंचीला जवळजवळ दोन सूत जातो. कोर्सला आलेली कपबश्या करणारी एक मुलगी यात फसली होती, तिची झाकणं बरण्यांवर बसेनात.

प्रिंट ३७८ मिलिमीटर उंच. ०.२ चा एक थर, म्हणजे १८९० थर. तिसऱ्या रात्री लाईट गेली, इन्व्हर्टरने दम धरला नाही, आणि परत चालू केल्यावर बेंबीच्या वर एक बारीक पायरी आली. गॅरेजवाल्याकडून एनसी पुट्टी आणली, पॉलिश पेपर मारमारून थर घालवले. घालवावेच लागतात, कारण प्लास्टर एकेक रेघ उचलतं. राखाडी प्रायमर मारल्यावर मूर्ती दगडाची वाटू लागली. तिथेच मी फसलो. टकटक केलं तर आवाजही भरीव यायचा. आत होती ०.८ मिलिमीटरची भिंत आणि पोकळीत जेमतेम ८ टक्के जागा भरणारी जाळी. फिलामेंट, म्हणजे प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार, वाचवलं होतं.

साचा आप्पा करणार होते. मूर्ती पालथी, तोंडापोटाखाली मातीची गादी, कडेने फळ्या, अंगाला साबण-तेलाचा हात. मी वजनकाटा काढला तर त्यांनी बाजूला सरकवला. पाण्यात मुठीने प्लास्टर सोडत राहिले. ढिगाचं टोक पाण्यावर थांबलं तसे थांबले. पाठीवर ओतलं. तीन बोटं जाड.

प्लास्टर घट्ट होताना तापतं हे मला लहानपणापासून माहीत आहे. थंडीत आम्ही पोरं त्यावर हात शेकायचो. मूर्ती ज्या प्लास्टिकची छापली होती ते पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, हेही कोर्सच्या वहीत लिहिलेलं होतं. पण ही दोन वाक्यं माझ्या डोक्यात कधी शेजारी बसली नव्हती.

अर्ध्या तासाने आप्पा म्हणाले, "थांब जरा, निवू दे."

"घट्ट झालंय की," म्हणत मी ठोकळा उलटा केला आणि पोटावरची माती काढायला लागलो. बेंबीजवळ माती चिकटली होती. अंगठ्याने रेटली. अंगठा आत गेला.

तुटल्याचा आवाज नाही, तडा नाही. सायीत बोट जावं तसा पहिल्या पेरापर्यंत गेला, आणि काढला तर खड्डा तसाच. शेजारची पुट्टी पापडासारखी उचकटली. मी घाबरून बाजूने दाबून बघितलं, तर दुसरा खड्डा. "हात काढ!" आप्पा ओरडले. मग बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. शेडमधल्या दोन्ही कामगारांनी मान खाली घालून आपापली कामं चालू ठेवली, यावरून त्यांनी सगळं पाहिलं होतं हे कळत होतं.

मी पुन्हा तीन दिवसांच्या प्रिंटचा आणि गेलेल्या फिलामेंटचा हिशोब करत बसलो. आप्पा चहा पिऊन आले. तोवर ठोकळा निवला होता आणि प्लास्टिक पुन्हा कडक झालं होतं. त्यांनी शाडूचा गोळा मळला, खड्ड्यात भरला, ओल्या बोटाने पोटाची गोलाई ओढत आणली. डोळे बहुतेक मिटलेलेच होते. आजोबांच्या मूर्तीकडे एकदाही बघितलं नाही. बेंबी मात्र थोडी वर घेतली. विचारलं तर म्हणाले, "तुझ्या आजोबांची खालीच होती. मी तेव्हाच बोललो होतो." वीस मिनिटांत झालं. साबण-तेलाचा हात फिरवून पुढचा भाग ओतला, आणि या वेळी ठोकळ्याला मी संध्याकाळपर्यंत हात लावला नाही.

साचा दहा दिवस वाळवला. पहिली शाडूची मूर्ती काढली, सुकवली, मोजली. १४ इंचाला एक सूत कमी भरली, म्हणजे माझ्या वडीपेक्षा मूर्तीची माती ओली मळली गेली होती.

फाइलमध्ये अजून आजोबांचंच पोट आहे, साच्यात आप्पांचं. यंदा हीच मूर्ती १८ इंचांत करायची आहे. कुठलं पोट घेऊ असं परवा आप्पांना विचारलं, तर म्हणाले, "पोटाचं मागाहून बघू. आधी ते प्लास्टिक बदल." जास्त उष्णता सोसणारं पीईटीजी मागवलंय, आणि भिंती या वेळी चौपट.